भुकेचा वास

पाववाल्याच्या बायकोनं पाव सोडला, ही बातमी गल्लीभर व्हायला अर्धा दिवसही लागला नाही. लोकांना काय, तोंडी लावायला काहीतरी हवंच असतं. समोरचा शिंपी संध्याकाळी पाव घ्यायला आला आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "काय हो, तुमचा पाव तुमच्याच घरात चालत नाही, मग आमच्या गळ्यात कशाला मारता?" सगळे हसले. पाववालाही हसला. पण टोमणा लागायचा तिथे लागला होता, आणि दुकानाचं शटर ओढेपर्यंत तो त्याच्या मनातून गेला नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांची बेकरी. मागे भट्टी, पुढे काउंटर, आणि मधल्या अंधाऱ्या जिन्यानं वर गेलं की राहायच्या दोन खोल्या. भट्टी त्याची, काउंटर तिचं. गरम पावांचे ट्रे एकामागून एक तिच्या पाठीशी येऊन पडायचे आणि ती दिवसभर त्या वासात उभी असायची. अशी बाई पावाचा कोर तोंडात घालत नाही म्हणते, तीही पोटात चार महिन्यांचं मूल असताना, तर तो काही लहरीपणा नव्हता. कारण काय, हे विचारायला कुणाला लांब जावं लागत नव्हतं. ते कारण दुकानाच्या पायरीवर बसून बाहुलीचे केस विंचरत असायचं. उजव्या हातानं.

ही त्यांची लेक, ढब्बू. पहिल्या खेपेला बायकोच्या रक्तात साखर वाढली होती. ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि बाळ पोटात भलतंच मोठं झालं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरांनी कसंबसं ओढून काढलं. मायलेकी वाचल्या, पण त्या ओढाताणीत मुलीच्या मानेतल्या शिरा दुखावल्या आणि डावा हात जन्माचा अधू झाला. खांद्याच्या वर तो जात नाही. फ्रॉक घालताना आधी तो हात बाहीत सरकवायचा, मग बाकीची मुलगी. हाताचं काही कळायच्या आधी, वॉर्डात, बाळाचे गाल बघून पाववाल्यानंच कौतुकानं 'ढब्बू' म्हणून हाक मारली होती. वर सगळ्यांना सांगितलं होतं, "असणारच! आमच्या पावावर पोसलीय." आता पोरगी पाच वर्षांची झाली, काडीसारखी बारीक झाली, पण नाव काही सुटलं नाही. ते नाव ऐकलं की बायको दरवेळी मान खाली घालायची, आणि या शहाण्याला ते कधी दिसलं नाही.

बायकोला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. त्याची गरजच नव्हती. ते काम तिनं स्वतःच हाती घेतलं होतं आणि पाच वर्षं एक दिवस सुटी न घेता चालवलं होतं. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं की या मुलाचा खांदा अडकू द्यायचा नाही. मग त्यासाठी काही का करावं लागेना.

दवाखान्यात यावेळी सुरुवातीलाच तपासण्या झाल्या. साखर थोडी वर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, वेळेत कळलंय. त्यांनी दोघांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. या बाईंच्या टेबलावर रबरी जेवण मांडलेलं होतं. रबरी सफरचंद, रबरी मासा, रबरी उकडलेला बटाटा आणि रबरी पावाचा एक काप. बाईंनी तो काप उचलून बायकोच्या हातात दिला.

"दर जेवणाला एवढा. मैद्याचा नको, जाड दळलेल्या पिठाचा. फळ अर्धं. डाळी खायच्या, दूध प्यायचं. एकदम पोटभर नको, थोडं थोडं, दिवसभरात वाटून."

"आणि अजिबात नाही खाल्लं तर?" बायकोनं विचारलं.

"तसलं काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "कमी म्हणजे बंद नव्हे. बाळाला ते लागतं आणि तुम्हालाही लागतं. साखर वाढलीच तर औषध आहे ना आपल्याकडे. उपाशी राहून साखर उतरवायची नसते."

पाववाला शेजारी बसून हे सगळं ऐकत होता. आपल्या धंद्याचा पाव दवाखान्यात मान्य झाला म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं. बायकोनं मात्र तो रबरी काप टेबलावर असा ठेवला, जणू भट्टीतून आत्ताच निघालाय.

घरी आल्यावर ताई आली. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. वर्षापूर्वीपर्यंत चांगली अंगापिंडानं भरलेली होती. मग तिनं पाव, साखर, बटाटे, सगळं पिठूळ बंद केलं आणि अर्धी झाली. वजन गेलं ते गेलं, जाताना तिच्या जिभेला धार लावून गेलं. आता ती जिथे जाईल तिथे लोकांच्या ताटात डोकावायची. तशी मनाची वाईट नव्हती. बहिणीवर तिचा जीव होता, आणि खरं दुखणं तेच होतं. वाईट माणसाचं आपण ऐकत तरी नाही.

"दवाखानेवाले सगळ्यांना एकच सांगतात गं," ताई म्हणाली. "एक काप खा, अर्धं फळ खा. मागच्या वेळी काय झालं? मला बघ. माझी साखर कशी आहे? सुतासारखी सरळ!"

"अहो ताई, पण तुमच्या पोटात बाळ नाही," पाववाला म्हणाला.

"म्हणून काय झालं? साखर ती साखर. अंडी खा, मासे खा, चीज खा, पालेभाजी खा. उपाशी राहा असं कोण म्हणतंय?"

पाववाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीतून खाली पायरीकडे बघत होती. त्यानं पुढे वाद घातला नाही. दोन बायका एका बाजूला आणि आपण एकटे, असं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं. शिवाय आपण पाव विकणारे, आपण पावाची बाजू घेतली तर ती धंद्याची वाटणार, हाही एक भित्रा विचार त्याच्या मनात होताच.

पाव गेला. मागोमाग बटाटे गेले, मग डाळी, फळं आणि शेवटी दूध. साखर मोजायचं यंत्र घरीच होतं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर टेकवायचा आणि आकडा बघायचा. आकडे इतके छान येऊ लागले की घरात निकाल लागल्यासारखा आनंद व्हायचा. बायको यंत्र हातात धरून जिना उतरायची आणि भट्टीसमोर त्याच्या नाकापुढे नाचवायची. तोही पिठाच्या हातांनी टाळी वाजवायचा. ताईला फोन जायचा. आकडा चांगला म्हटल्यावर ताटात काय होतं हे कोण विचारतो? हळूहळू तिची भूकच मेली. "बरं झालं, आता त्रासच होत नाही," असं ती म्हणायची, आणि एक अंडं नि काकडीच्या चार चकत्यांवर दुपार काढायची. पोट पुढे येत होतं, चेहरा आत जात होता.

सहावा महिना सरता सरता पाववाल्याला तो वास येऊ लागला.

हा वास त्याच्या ओळखीचा होता. बेकरीतलं खमीर त्याच्या वडिलांच्या हातचं. पीठ आणि पाणी कालवून आंबवलेलं, काचेच्या बरणीत ठेवलेलं, रोज थोडं काढून पावाला लावायचं आणि तेवढंच नवं पीठ त्यात घालायचं. वडील त्याला खाऊ घालणं म्हणायचे. वेळेवर खाऊ मिळाला की त्याला आंबट सफरचंदासारखा वास येतो. खाऊ चुकला, खमीर उपाशी राहिलं, की वास पालटतो आणि नखांचं पॉलिश काढायच्या औषधासारखा नाकात चढतो. लहानपणी भट्टीशी खेळत असताना वडिलांनी त्याला बरणीत नाक घालायला लावलं होतं आणि म्हणाले होते, "हा भुकेचा वास. हा आला की बाकी सगळी कामं सोडायची, आधी त्याला खायला घालायचं."

तर आता तो वास आला. आधी वरच्या खोलीत आला, मग काउंटरपाशी, मग जिन्यात. पाववाल्याचं धाबं दणाणलं. खमीर बिघडलं तर धंदा बसला. त्यानं बरणी उकळत्या पाण्यानं धुतली, अर्धं खमीर फेकून दिलं आणि उरलेल्याला सकाळ-संध्याकाळ पीठ घालू लागला. पिठाचा गिरणीवालाही बदलला. जुन्याला चार शब्द सुनावले, त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं. गंमत म्हणजे पाव उत्तम फुगत होते. बरणीत नाक घातलं तर वास सफरचंदाचाच. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबून विचार करता. पण ज्याचं सगळं आयुष्य एका बरणीभोवती गेलं, त्याला जगात भुकेलं होण्यासारखं दुसरंही काही असतं, हे सुचलंच नाही.

मग त्यानं आपल्या बुद्धीनं निष्कर्ष काढला. वास बरणीत नाही, पण वर येतो, रात्री उशाशी येतो, म्हणजे तो आपल्या हातांत मुरलाय. त्यानं हात लिंबानं चोळले. तुरटीनं धुतले. कपडे खालीच बदलू लागला. तरी कूस वळवली की वास यायचाच. बायकोला आधीच अन्नाचे वास सहन होत नाहीत, आपल्या हातांनी तिला मळमळायला नको, असं वाटून तो भिंतीकडे तोंड करून, पलंगाच्या अगदी काठाशी निजू लागला. तिच्या पोटावर हात ठेवून झोपायची सवय होती, तीही त्यानं मोडली. तिनं काही विचारलं नाही. त्यानं काही सांगितलं नाही. आपण केवढी काळजी घेतोय असं वाटून त्याला उलट समाधानच होतं.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप धरली, यंत्र फिरवलं आणि क्षणभर थांबल्या. "साखर तर अगदी नमुनेदार आहे तुमची," त्या म्हणाल्या. "बाळ मात्र थोडं लहान वाटतंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. जेवण नीट चाललंय ना?"

"हो," बायको म्हणाली.

"सांगितलं तसं? पाव, फळ, डाळ?"

"हो."

पाववाला तिथेच खुर्चीवर बसला होता. नुसतं तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. तो मूग गिळून बसला. कारण त्यानं बायकोचा चेहरा पाहिला होता. 'लहान' हा शब्द ऐकल्याबरोबर तो चेहरा उजळला होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर ती चक्क हसली. "लहान आहे म्हणाल्या. ऐकलंत ना? लहान आहे!" पाच वर्षांत त्यानं तिचं असं हसू पाहिलं नव्हतं. आता त्यावर पाणी कोण ओतणार? त्यानं तिला रस्ता ओलांडून दिला आणि वाटभर तिची बडबड ऐकत राहिला. त्या दिवशी तो सुखात होता, त्याबद्दल नंतर त्याला स्वतःला कधीही माफ करता आलं नाही.

आठवडा उलटायच्या आत ढब्बूनं शाळेतून उलट्या आणल्या. पोरगी दोन दिवस निपचित पडली, तिसऱ्या दिवशी उठून पाव मागू लागली. मुलांचं तसंच असतं. पण आता आई आडवी झाली. पाण्याचा घोट पोटात ठरेना. उलट्यांच्या घरातला पाव विकायचा नाही म्हणून पाववाल्यानं बेकरी बंद ठेवली. खमिराची बरणी फ्रीजमध्ये टाकली आणि जंतुनाशकानं जिन्यासकट सगळं घर धुऊन काढलं.

"दवाखान्यात जाऊ या," तो म्हणाला.

"यंत्र आणा आधी," ती म्हणाली. आकडा नेहमीसारखाच उत्तम होता. तिनं तो फोनवर ताईला सांगितला. ताई म्हणाली, "आकडा चांगला आहे ना? मग नुसतं पोट बिघडलंय. घाबरू नकोस." तीही घाबरली नाही, तोही घाबरला नाही. एवढ्याशा डबीवर तिघांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास वेगळा वाटू लागला. जिना चढून आल्यासारखी, खोल आणि भरभर धापा टाकत होती, आणि ती तर अंथरुणातून हललीही नव्हती. चादर बदलायची म्हणून पाववाल्यानं तिला बसतं केलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं, तोंड मानेशी आलं, आणि तो वास भपकन त्याच्या नाकात शिरला.

त्यानं सवयीनं आपले हात हुंगले. हातांना जंतुनाशकाचा वास होता. बाह्या हुंगल्या, त्यांना साबणाचा. दोन दिवस त्यानं पिठाला हात लावला नव्हता. मग तो वाकला आणि बायकोच्या तोंडाजवळ नाक नेलं, लहानपणी बरणीत घातलं होतं तसं.

"तू काय खातेस?" त्यानं विचारलं. "आजचं नव्हे गं. गेले दोन महिने तू खातेस तरी काय?"

"आकडा चांगला आहे ना," ती पुटपुटली.

"बाळ हलतंय का?"

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "झोपलं असेल."

ढब्बूला शिंप्याच्या बायकोकडे सोडून त्यानं बायकोला जवळजवळ उचलूनच टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात नर्सनं आल्याआल्या रक्त काढलं. तरुण डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा बायको आकडे सांगू लागली. पाववाल्यानं तिला मध्येच थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. अंडं, काकडी, चीज. पाव नाही, फळ नाही, डाळ नाही, दूध नाही. आता त्याचं तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला नेलं.

"साखर ठीक आहे, पण रक्त आंबलंय," ते म्हणाले. "पिठूळ, गोड असं पोटात काहीच गेलं नाही की शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. त्याचं आम्ल रक्तात साठतं. एरवी माणूस कदाचित निभावून नेतो. पोटात बाळ असताना शरीर फार लवकर उपाशी पडतं. साठा आधीच संपलेला, त्यात या उलट्या."

"पण यंत्रावर…"

"ते यंत्र फक्त साखर मोजतं हो. हे त्याला दिसत नाही."

नर्सनं सलाइन लावलं. बायकोनं बाटलीकडे पाहून विचारलं, "काय आहे त्यात?"

"ग्लुकोज आहे. बरं वाटेल तुम्हाला."

ऐकल्याबरोबर तिनं सुईला हात घातला. अंगात त्राण नव्हतं, तरी दोन जणींना आवरेना. "साखर नको! नको म्हणते ना! बाळ मोठं होईल, खांदा अडकेल!" पाववाल्यानं तिचे हात धरून ठेवले. जिच्या पोटावर दोन महिने हात ठेवायला तो धजला नव्हता, तिचे हात आता जिवाच्या आकांतानं दाबून धरले होते.

दुसरी नर्स बाळाचे ठोके शोधत पोटावर यंत्र फिरवत होती. इकडून, तिकडून, पुन्हा खालून. तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फिरवलं. मग त्यांनी यंत्राच्या पडद्याचं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं, आणि पाववाल्याला कळलं.

बाळंतपण तरी व्हायचंच होतं. ते दुसऱ्या दिवशी झालं. मुलगा होता, लहानसा. खांदा अडकला नाही. काही त्रास झाला नाही, फार सोपं गेलं असं नर्ससुद्धा म्हणून गेली आणि मग जीभ चावली. बायकोनं दुपटं उघडायला लावलं. आधी डावा हात उचलून डोक्यापर्यंत नेला, मग उजवा. दोन्ही हात सहज वर गेले. "धड आहेत," ती म्हणाली. पाववाला खोलीबाहेर गेला आणि जिन्यात बसून मोठमोठ्यानं रडला. लोक त्याला वळसा घालून येत-जात होते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती उलटीची साथ असती तर बहुधा निभावलं असतं, खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, एवढंच म्हणाल्या. त्या गेल्यावर बायको नवऱ्याकडे वळली.

"खाल्लं तेव्हा तिचा हात गेला," ती म्हणाली. "नाही खाल्लं तेव्हा हा गेला. मग मी करायचं तरी काय होतं?"

याचं उत्तर पाववाल्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. दर जेवणाला एक काप, अर्धं फळ, आणि साखर वाढलीच तर औषध. एवढंसं उत्तर. ते त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. त्याऐवजी त्यानं वासाचं सांगितलं. बरणी, लिंबू, तुरटी, भिंतीकडे तोंड करून निजणं, सगळं. "मला वास येत होता गं. पहिल्या दिवसापासून येत होता. मी हात धूत बसलो."

"म्हणून पाठ करून झोपत होतात?"

"हो."

"मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले," ती म्हणाली, आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

बायको घरी आली त्या दिवशी ताई ढब्बूजवळ होती. दारातच तिनं बहिणीला मिठी मारली. मग पाववाल्याकडे वळली. डोळे सुजले होते. "मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं हो. देवाशप्पथ."

पाववाल्याला तिला घालूनपाडून बोलायचं होतं. हॉस्पिटलात बसून त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. पण ती समोर इतकी बापुडवाणी उभी होती की सगळी वाक्यं गळून पडली. "तुम्ही सांगितलंत, तिनं ऐकलं, मी बघत बसलो," तो म्हणाला. "कुणा एकाचं नाही ते." ताईनं पदर तोंडाला लावला आणि ती जिना उतरून गेली.

तो खाली गेला. भट्टी थंड होती. त्यानं थोडेसेच पाव लावले, घरापुरते. जेवायच्या वेळी गरम पाव, सूप आणि उकडलेली अंडी घेऊन वर आला. तिघं टेबलाशी बसली. त्यानं पाव कापला आणि एक काप ढब्बूच्या ताटात ठेवला. तिनं तो उजव्या हातानं ताटाच्या कडेला सरकवला.

"खा की," तो म्हणाला.

"नको."

"का गं? पोट दुखतंय?"

"मी पण पाव सोडला," ढब्बू म्हणाली. "आईसारखा. मावशी म्हणाली होती, पाव खाल्ला म्हणून माझा हात असा झाला. आता मी नाही खाणार. मग हात वर जाईल."

पाववाल्याच्या हातात सुरी तशीच राहिली. पोरगी आईकडे बघत होती, शाबासकीसाठी बघतात तशी. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिनं हात लांब केला आणि लेकीच्या ताटातला काप उचलला. त्याचा घास तोडला, तोंडात घातला आणि चावू लागली. किती तरी वेळ चावत होती. घशाखाली उतरेना, पाण्याबरोबर उतरवला. मग दुसरा घास तोडला.

ढब्बू हे सगळं डोळे मोठे करून पाहत होती.

"तुझा हात मी पाव खाल्ला म्हणून नाही असा झाला," बायको म्हणाली. "माझ्या रक्तात दुखणं होतं, ते कुणाला वेळेवर दिसलं नाही. आणि पाव सोडून तो वर जाणार नाही, राणी. तो असाच राहणार."

ढब्बूनं ते ऐकून घेतलं. तिला ते आधीच माहीत असावं, असं पाववाल्याला वाटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग बाळ का नाही आलं घरी? बाळानं पाव नाही खाल्ला?"

"अगं…" पाववाला म्हणाला.

"नाही," बायको म्हणाली. "त्याला भूक लागली होती. मी दिलाच नाही त्याला."

तिनं पाव कापायची सुरी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, नवा काप कापला आणि लेकीच्या ताटात ठेवला. ढब्बूनं तो उचलला. तिघंही जेवू लागली, आणि ताटं रिकामी होईपर्यंत कुणी उठलं नाही.